देवीचा रोग कसा गेला? शत्रू राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी केलेला तह

आंतरराष्ट्रीय राजनीती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? कोट घातलेले मंत्री, हस्तांदोलनाची छायाचित्रे, शस्त्रांचे करार, आणि करार फिसकटले की सीमेवरचा तोफांचा आवाज. हा सगळा बड्या लोकांचा मामला. पाळीवर जाणाऱ्या, हजेरीवर राबणाऱ्या माणसाचा त्यात काय संबंध, असे म्हणून आपण वर्तमानपत्राचे ते पान उलटतो. परंतु वाचकहो, दोन देशांना जोडण्याचे काम केवळ मंत्री करीत नाहीत. ते काम शास्त्रज्ञ करतात, प्रयोगशाळा करतात, विद्यापीठांतून शिकून बाहेर पडलेली माणसे करतात. त्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच घरात सापडतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या हातावर असलेला तो गोल, खोलगट व्रण पाहा. तो देवीच्या लसीचा व्रण आहे. आज जन्मणाऱ्या मुलाला ती लस टोचावी लागत नाही, कारण तो रोगच पृथ्वीवर उरलेला नाही. तो घालविण्यासाठी एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेल्या दोन महासत्ता एकत्र आल्या होत्या. ही हकिगत प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

कोप नव्हे, विषाणू

आपल्या भाषेत या रोगाचे नावच 'देवी'. अंगावर देवी आल्या, देवी निघाल्या, असे म्हणत. आधी जबर ताप, मग अंगभर पुरळ, त्याचे पाणी भरलेले व पुढे पुवाने भरलेले फोड. ज्यांना लस टोचलेली नसे अशा रुग्णांपैकी शंभरात सुमारे तीस जण दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण राहत आणि अनेकांची दृष्टी जाई. रोगावर औषध नव्हतेच. हा देवीचा कोप आहे असे समजून नवस बोलले जात, कडुलिंबाचा पाला बांधला जाई, आणि डॉक्टरला बोलावले तर कोप वाढेल म्हणून त्याला दाराबाहेर ठेवले जाई. विसाव्या शतकात या रोगाने जगात सुमारे तीस कोटी माणसे नेली असा अंदाज आहे. दोन्ही महायुद्धांत मिळूनही इतकी माणसे मेली नाहीत. रोगाचे कारण मात्र एक विषाणू होता. तो रुग्णाच्या श्वासातून आणि निकट सहवासातून पसरे. त्याला जात, धर्म, देश काही ठाऊक नव्हते. पण जेथे दाटीची वस्ती आणि लस पोचत नसे, तेथे तो जास्त माणसे नेई.

लस सीमा ओलांडते

१७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने गाईच्या देवीचा पू एका आठ वर्षांच्या मुलाला टोचला. जेम्स फिप्स हा तो मुलगा, जेन्नरकडे बागकाम करणाऱ्या मजुराचा. ज्या दूधवालीच्या हातावरचा तो पू होता, तिचे नाव सारा नेल्म्स. आधुनिक लसीकरणाची सुरुवात अशी कष्टकऱ्यांच्या अंगावर झाली, याची नोंद आम्हाला मुद्दाम करावीशी वाटते.

त्या काळात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात घनघोर युद्ध चालू होते. तरीही फ्रान्सने ही इंग्रजी लस नाकारली नाही. नेपोलियनने ती आपल्या सैन्याला टोचविली. जेन्नरच्या विनंतीवरून फ्रान्सने काही इंग्रज कैदीही सोडले. १८०३ साली स्पेनच्या राजाने लस अमेरिका खंडात पाठविली. त्या वेळी शीतपेटी नव्हती. म्हणून जहाजावर बावीस अनाथ मुले नेली आणि एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर लस टोचत ती जिवंत ठेवत महासागर पार केला. ज्यांचे स्वतःचे कोणी नव्हते अशा मुलांनी एका खंडाला लस दिली.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. व्हिएन्नाहून निघालेली लस बगदाद, बसरा अशी मजल-दरमजल करीत समुद्रमार्गे मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे देवीची लस घेतलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या हातावरची लस पुढे पुणे, सुरत, मद्रासपर्यंत गेली. विज्ञानाला पासपोर्ट लागत नाही, याचा हा दोनशे वर्षांपूर्वीचा दाखला.

मिनियापोलिसमधील प्रस्ताव

आता १९५८ सालाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर जग दोन छावण्यांत वाटले गेले होते. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे सोव्हिएत रशिया. जागतिक आरोग्य संघटना ही संयुक्त राष्ट्रसंघाच्या कुटुंबातील संस्था. पण १९४९ मध्ये रशिया तिच्या कामकाजातून रागाने बाहेर पडला होता आणि काही वर्षे दूर राहून नुकताच परत आला होता. त्या वर्षी संघटनेची सभा अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात भरली. तेथे रशियाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह उभे राहिले. ते मूळचे विषाणुशास्त्रज्ञ. देवीचा रोग साऱ्या जगातून समूळ नष्ट करावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. भाषणात त्यांनी आधार कोणाचा घेतला? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८०६ मध्ये जेन्नरला लिहिलेल्या पत्राचा. रशियाच्या मंत्र्याने अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकेच्याच नेत्याचे शब्द पुढे करून जगाला हाक दिली. याला म्हणतात मुत्सद्देगिरी. पण ही मुत्सद्देगिरी त्यांना साधली, कारण त्यांना विषाणूही माहीत होता आणि इतिहासही. विद्येशिवाय असे भाषण होत नाही.

नुसता प्रस्ताव मांडून रशिया थांबला नाही. त्याने अडीच कोटी मात्रा देऊ केल्या. पुढील वर्षी प्रस्ताव मंजूर झाला. परंतु पैसा नाही, माणसे नाहीत, म्हणून काम रेंगाळले. अखेर १९६६ मध्ये नव्या जोमाची मोहीम ठरली. वर्षाला चोवीस लाख डॉलरची तरतूद होती आणि तीही अवघ्या दोन मतांच्या आधिक्याने मंजूर झाली. दोन मते इकडची तिकडे झाली असती तर कदाचित देवीचा रोग आणखी काही पिढ्या राहिला असता.

दोन महासत्ता, एक सुई

मोहिमेची सूत्रे डॉ. डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरकडे आली. काम १९६७ च्या जानेवारीत सुरू झाले. त्या वेळी तीसपेक्षा जास्त देशांत देवीचा रोग ठाण मांडून होता आणि वर्षाला एक ते दीड कोटी लोकांना तो होत असावा असा अंदाज होता.

या कामात कोणी काय दिले ते पाहण्यासारखे आहे. उष्ण प्रदेशात बर्फाशिवाय टिकणारी कोरडी लस मोठ्या प्रमाणावर करण्याची पद्धत इंग्लंडमधील लिस्टर संस्थेत लेस्ली कॉलियर यांनी बसविली. ती लस महिनाभर उन्हाळ्यातही टिके. अमेरिकेतील बेंजामिन रुबिन यांनी दोन टोकांची सुई शोधली. तिच्या दोन टोकांच्या मध्ये लसीचा एक थेंब अडकतो, पंधरा वेळा हलके टोचले की काम झाले. पूर्वी जितकी लस एकाला लागे तितक्यात चौघांचे भागू लागले, आणि लिहिता-वाचता न येणारा माणूसही थोड्या वेळात टोचायला शिकू लागला. ज्या कंपनीकडे या सुईचा हक्क होता तिने त्यावर मानधन घेतले नाही. रशियाने सुमारे १४० कोटी मात्रा पुरविल्या, त्यांतला मोठा वाटा भारताला मिळाला. भारतानेही हात पसरून बसणे पत्करले नाही. पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव येथे आपल्याच संस्थांत लस तयार होत होती. बेळगावची लस आपल्या भागातल्या कित्येकांच्या हातावर उतरली असेल.

रुग्णांच्या खपल्यांची तपासणी करण्यासाठी दोन मुख्य प्रयोगशाळा ठरल्या. एक अमेरिकेत अटलांटा येथे, दुसरी मॉस्कोत. व्हिएतनाममध्ये युद्ध पेटले होते, दोन्ही देशांचे क्षेपणास्त्रांचे कारखाने दिवसरात्र चालू होते, आणि त्याच वेळी या दोन प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ एकाच कामाचे दोन हात बनले होते.

बिहार, १९७४

भारतात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला होता. कोट्यवधी लोकांना टोचूनही रोग हटेना. टोचले जाई ते पुनःपुन्हा त्याच सोयीच्या माणसांना. वस्तीबाहेरची, फुटपाथवरची, कामासाठी भटकणारी माणसे सुटत. मग पद्धत बदलली. नायजेरियात डॉ. विल्यम फेगी यांनी वापरून पाहिलेला मार्ग इथे आला. रुग्ण कोठे आहे ते आधी शोधायचे, आणि त्याच्याभोवतीच्या सर्व माणसांना टोचून रोगाला कडे घालायचे.

१९७३ च्या शरद ऋतूपासून घरोघर शोध सुरू झाला. लाखावर आरोग्यसेवक देवीच्या मुलाचे चित्र असलेले कार्ड हातात घेऊन दारोदार विचारू लागले, असा रुग्ण कोठे पाहिला का? बातमी देणाऱ्यास बक्षीस ठेवले. रुग्णाच्या दारावर राखणदार बसविले. १९७४ साली रोगाने शेवटचा मोठा तडाखा दिला. देशात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि ३१ हजारांवर माणसे मेली. सर्वांत जास्त बिहारमध्ये. त्याच वर्षी १८ मे रोजी भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली. जगाच्या वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या छापल्या. एकाच देशात एकाच महिन्यात अणुस्फोटही आणि देवीचे थैमानही! विज्ञान देशात होते, पण ते गरिबाच्या झोपडीपर्यंत पोचले नव्हते.

या लढाईत अमेरिका, रशिया, चेकोस्लोवाकिया, फ्रान्स अशा देशांचे साथरोगतज्ज्ञ भारतीय डॉक्टरांबरोबर बिहार, उत्तर प्रदेशच्या खेड्यांत हिंडले. स्वीडनने पैसा दिला. जमशेदपूर भागात टाटांच्या पोलाद कारखान्याने माणसे व वाहने दिली. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेतून कामाची आखणी होत होती. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण आढळला आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला देश या रोगातून स्वतंत्र झाल्याचे जाहीर करण्यात आले.

युद्ध रोग परत आणते

पूर्व पाकिस्तानातून १९७० मध्ये देवी गेलेली होती. १९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. कलकत्त्याजवळच्या छावणीत त्यांना रोगाने गाठले आणि स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात परतताना तो त्यांच्याबरोबर गेला. तेथे ऑक्टोबर १९७५ मध्ये भोला बेटावर रहिमा बानू ही लहान मुलगी देवीच्या तीव्र प्रकाराची जगातील शेवटची रुग्ण ठरली. ती वाचली. सौम्य प्रकारचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये सोमालियात सापडला. अली माव मालिन हा एका रुग्णालयातील स्वयंपाकी. तेव्हा सोमालिया आणि इथिओपिया यांच्यात युद्ध चालू होते. अलीने दुखेल या भीतीने लस टाळली होती. तोही बरा झाला. पुढे तो पोलिओच्या मोहिमेत काम करू लागला आणि आपलीच गोष्ट सांगून आयाबायांची भीती घालवू लागला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याची घोषणा केली.

हाच धडा पोलिओतही दिसतो. पोलिओचे थेंब तयार करणारे अल्बर्ट साबिन अमेरिकेचे. पण त्यांच्या लसीची पहिली प्रचंड चाचणी झाली सोव्हिएत रशियात, १९५९ च्या सुमारास, मिखाईल चुमाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. दोघे एकमेकांच्या प्रयोगशाळेत जाऊन आले होते. तेथूनच विश्वास जमला. साबिन यांनी लसीचे पेटंट घेतले नाही. आपण आपल्या मुलांना रविवारी बूथवर नेऊन जे दोन थेंब पाजले, त्यांच्या मागे ही मैत्री आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त ठरला.

खर्चाचा हिशेब

आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारे, म्हणून आकडा मांडल्याशिवाय समाधान होत नाही. १९६७ ते १९७९ या काळात देवीच्या मोहिमेला साऱ्या जगात मिळून सुमारे तीस कोटी डॉलर लागले. त्यांपैकी बाहेरून आलेली मदत दहा कोटींच्या आत, सुमारे ९ कोटी ८० लाख. उरलेले दोन तृतीयांश कोणी दिले? ज्या गरीब देशांत रोग होता त्यांनीच. म्हणजे ही श्रीमंतांनी केलेली भीक नव्हती. ज्ञान सर्वांनी वाटून घेतले आणि ओझे ज्याचे त्याने उचलले. त्या बदल्यात प्रत्येक देशाचा दर वर्षीचा लसीचा, रुग्णालयाचा, बंदरावरच्या तपासणीचा खर्च कायमचा वाचला. अशी गुंतवणूक कोणत्या शेअर बाजारात मिळेल?

दुसरी बाजू

परंतु खतावणीत नावे आणि जमा, दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. मोहिमेच्या शेवटच्या दिवसांत, विशेषतः बिहारच्या आदिवासी भागात, लोकांना पकडून जबरदस्तीने टोचल्याच्या घटना घडल्या. समजावून सांगायला वेळ नाही म्हणून गरिबाचे दार मोडायचे, हे आम्हाला कधीही मान्य होणार नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूमुळे जेनेट पार्कर यांचा बळी गेला. आणि सर्वांत कटू गोष्ट अशी की, ज्या रशियाने कोट्यवधी मात्रा दान दिल्या त्याच्याच लष्कराच्या गुप्त प्रयोगशाळांत या विषाणूचे शस्त्र तयार होत होते, हे पुढे उघड झाले. देवीचा विषाणू आजही अमेरिका आणि रशिया यांच्या एकेका प्रयोगशाळेत कुलूपबंद आहे. विज्ञान आपोआप माणुसकीचे होत नाही. ते कोणाच्या हातात आहे आणि त्यावर कोणाची नजर आहे, यावर ते ठरते.

आजचा प्रश्न

कोरोनाच्या काळात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे मागणी केली की, महामारी असेपर्यंत लस व औषधांवरील पेटंटचे हक्क स्थगित ठेवावेत. दोन टोकांच्या सुईवर मानधन न घेणाऱ्या जगाला ही मागणी सहज पटायला हवी होती. पण निर्णय व्हायला जून २०२२ उजाडले आणि तोही काटछाट करून, लसीपुरताच. दरम्यान श्रीमंत देशांनी आधीच साठे करून ठेवले. जानेवारी २०२१ पासून पुण्यात तयार झालेली लस भूतान, मालदीव अशा शेजाऱ्यांकडे गेली आणि भारताचे नाव झाले. मग दुसरी लाट आली, आपल्याकडेच लस पुरेना आणि निर्यात थांबवावी लागली. तेव्हा आपल्या लसीवर अवलंबून असलेले गरीब देश उघडे पडले.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी २० मे रोजी उरलेल्या देशांनी महामारीच्या वेळी एकमेकांस सहकार्य करण्याचा करार संमत केला. एक दार बंद होत असताना दुसरे किलकिले झाले. १९४९ मध्ये रागाने गेलेला रशिया परत आला आणि त्याच्याच प्रस्तावाने देवी गेली, हा इतिहास आहे. म्हणून आम्ही निराश नाही. मात्र मधल्या काळात जी माणसे मरतात ती कोणत्या वस्तीतली असतात, हे आपणास सांगायला नको.

आपल्या घरापर्यंत

मग आपण काय करावे? पहिले, अंगात ताप-पुरळ आले की कोप, करणी, बाहेरची बाधा हे शब्द घरातून कायमचे हद्दपार करावेत. 'देवी' नावाचा रोग नवसाने गेला नाही. तो सुईने गेला, आणि त्या सुईमागे शेकडो माणसांचे शिक्षण उभे होते.

दुसरे, घरात मुलगा किंवा मुलगी विज्ञान शाखेला असेल तर डॉक्टर-इंजिनियर एवढ्या दोनच पाट्या वाचू नयेत. सूक्ष्मजीवशास्त्र, परिचर्या, साथरोगशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र, परकीय भाषा, आंतरराष्ट्रीय कायदा, हे सारे मार्ग त्या टेबलापर्यंत जातात जेथे देशांचे करार लिहिले जातात. परदेशी शिकण्यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. समाजकल्याण कार्यालयात जाऊन नियम, मुदत, कागदपत्रे वेळेवर विचारावीत. अर्जाची तारीख उलटून गेल्यावर हळहळण्यात अर्थ नसतो.

तिसरे, लसीची बाई दारात आली तर तिला चहा-पाणी द्यावे आणि शेजारणीलाही हाक मारावी. झ्दानोव्ह आणि हेंडरसन यांची नावे पुस्तकात आली. पण शेवटचा थेंब टोचला तो चित्राचे कार्ड घेऊन उन्हात फिरणाऱ्या आरोग्यसेवकाने. जिनिव्हाच्या सभागृहातला ठराव आणि आपल्या गल्लीतले दार यांच्यामध्ये तो चालत आला म्हणून देवी गेली. उद्या त्या सभागृहातही आणि त्या गल्लीतही आपली शिकलेली मुले-मुली असावीत, एवढीच आमची इच्छा.